जुना कॉम्प्युटर फेकण्याआधी: नागपूरच्या घरांसाठी दुरुस्तीचा पूर्ण क्रम

घरातला सात-आठ वर्षांचा कॉम्प्युटर रखडायला लागला आणि बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन विचारलं, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "भाऊ, आता याच्यात काही राहिलं नाही, नवीनच घेऊन टाका." माझं मत याच्या अगदी उलट आहे. पत्रं टाइप करणं, बँकेची कामं, मुलांचे क्लास, वीजबिल, यूट्यूब, फोटो, फार तर टॅलीवरचा हिशेब एवढाच वापर असेल, तर २०१३-१४ नंतरचा आय-३ किंवा त्याच्या वरचा प्रोसेसर आजही पुरतो. मशीन अडतं ते फिरत्या हार्ड डिस्कपाशी, कमी रॅमपाशी (चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीपाशी), आणि आपल्याकडे विदर्भात उन्हापाशी आणि धुळीपाशी. या चारही गोष्टी दुरुस्त होतात आणि त्यातल्या दोन जवळजवळ फुकटात होतात.

मात्र कामाचा क्रम पाळायला हवा. लोक आधी नवीन पार्ट घेतात, मग फॉरमॅट मारतात आणि शेवटी विचारतात, "फोटो कुठे गेले?" म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका.

आधी डेटा, मग स्क्रू ड्रायव्हर

मशीन उघडण्याआधी, दुकानात नेण्याआधी, काहीही करण्याआधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, तो ने-आण करण्यापुरताच ठीक. नियम असा की महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती हव्यात, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक घराबाहेर असावी. घराबाहेर म्हणजे गूगल ड्राइव्ह चालेल, किंवा भावाच्या घरी ठेवलेली जुनी डिस्कही चालेल.

डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स सगळेच कॉपी करतात. मागे राहतं ते वेगळंच. डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं साठलेल्या फाइल, डाउनलोड्समधली आधार-पॅनची पीडीएफ, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि बुकमार्क, आउटलुकची ई-मेल साठवणारी पीएसटी फाइल. टॅलीचा डेटा या फोल्डरांबाहेर कुठेतरी असतो. कंपनी निवडायच्या पडद्यावर त्याचा पाथ दिसतो, तो लिहून घ्या.

मराठी माणसाच्या कॉम्प्युटरवर आणखी एक गोष्ट हमखास सुटते: फॉन्ट. कृतीदेव किंवा श्रीलिपीमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या पद्धतीत, नसतात. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्या उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कचरा दिसतो. आजोबांच्या आठवणी, सोसायटीची इतिवृत्तं, वधू-वर परिचय पत्रिका असं कितीतरी साहित्य घराघरांत या फॉन्टमध्ये अडकलेलं आहे. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट वेगळे उचलून डेटाबरोबर ठेवा. पुढे सवडीने कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. हे काम पुढच्या पिढीवर टाकू नका, तेव्हा ते फॉन्ट शोधूनही सापडणार नाहीत.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कुठलीही तपासणी, डिफ्रॅग, स्कॅन करत बसू नका. सर्वात मौल्यवान फोल्डर आधी कॉपी करा, बाकीचं नंतर. डिस्क दिसतच नसेल तर मशीन बंद करा आणि ते डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. प्रत्येक वेळी चालू करून पाहिल्याने आतली इजा वाढते.

लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक तपासून घ्यावं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. आत्ताच लॉगिन करून वहीत उतरवून ठेवा.

दुखणं कुठे आहे ते ओळखा

मशीन चालू करून पाच मिनिटं थांबा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातला परफॉर्मन्स टॅब बघा.

डिस्क सतत शंभर टक्क्यांवर आहे आणि प्रत्यक्ष वेग मात्र दोन-चार एमबी प्रतिसेकंदच दिसतो? मग दोष फिरत्या हार्ड डिस्कचा. घरगुती कॉम्प्युटरचं सर्वात जास्त आढळणारं दुखणं हेच. मेमरी ब्राउझर उघडताच ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जात असेल तर रॅम कमी पडते आहे. सीपीयूचं, म्हणजे प्रोसेसरचं, जरा बारकाईने बघावं लागतं. तिथे बेस स्पीड लिहिलेला असतो, समजा २.४ गिगाहर्ट्झ. काम जोरात चाललेलं असताना प्रत्यक्ष वेग त्याच्या बराच खाली, एक गिगाहर्ट्झच्या आसपास अडकला असेल, तर प्रोसेसर तापून स्वतःला आवरतो आहे. काही लॅपटॉप कंपनीचा चार्जर नसला तरीही असेच मुद्दाम हळू चालतात. तेव्हा चार्जर लोकल असेल तर तो काढून बॅटरीवर चालवून पाहा.

त्याच खिडकीत स्टार्टअप नावाचा टॅब आहे. प्रिंटरचे मदतनीस, गेमचे लाँचर, तीन-तीन अपडेटर असलं जे दिसेल ते बंद करा. अँटिव्हायरस आणि टचपॅडचं सॉफ्टवेअर तेवढं राहू द्या. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. माझ्या मते विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. तिथे गुड, कॉशन किंवा बॅड असं थेट लिहून येतं. कॉशन आलं आणि रिअॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचे (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचे) आकडे आठवड्यागणिक वाढत असतील, तर ती डिस्क निवृत्त करा. फॉरमॅट केल्याने ती बरी होत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

ऊन, कूलर आणि धूळ

या भागावर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण परदेशातल्या आणि पुण्या-मुंबईच्याही मार्गदर्शकांत आपला उन्हाळा नसतो. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) ४५ च्या पुढे पारा जाणं आपल्याला नवं नाही. आता हे लक्षात घ्या: हीटसिंक (प्रोसेसरवरची, उष्णता ओढणारी धातूची पाती) आणि पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाहीत. खोली २८ अंशांवर असताना प्रोसेसर ७५ अंशांवर राहत असेल, तर खोली ४० ला गेल्यावर तो साधारण ८७ वर जाईल. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास वेग कमी करतात आणि तरीही तापले तर बंद पडतात. जानेवारीत उत्तम चालणारं मशीन मे महिन्यात दुपारी अचानक का बंद होतं, याचं उत्तर एवढंच आहे. त्यात धुळीचा थर जाड असेल तर मार्चमध्येच त्रास सुरू होतो. फिरती हार्ड डिस्कही साधारण ६० अंशांपर्यंतच चालण्यासाठी बनवलेली असते.

तापमान बघायला एचडब्ल्यूमॉनिटर किंवा कोअर टेम्प वापरा. पडद्यावर एखादा व्हिडिओ चालू ठेवा, वीस मिनिटांनी आकडा टिपून घ्या. साफसफाईनंतर त्याच वेळी, त्याच खोलीत पुन्हा बघा.

नागपूरच्या घरातला डेझर्ट कूलर हा या गोष्टीतला मोठा भाग आहे. कूलर हवा थंड करतो, पण ओलीही करतो. ही ओलसर हवा आणि ताट्यांमधला भुसा, रस्त्यांच्या कामांची सिमेंटची धूळ, हे सगळं हीटसिंकच्या पात्यांमध्ये जाऊन चिकटतं आणि तिथे नमद्यासारखा थर बसतो. कोरडी धूळ फुंकरीने निघते, ही निघत नाही. म्हणून कॉम्प्युटर कूलरच्या थेट झोतात कधीच ठेवू नका. झोतात बसून काम करायला बरं वाटतं, पण पाण्याचे बारीक तुषार मशीनच्या आत जातात. टेबल झोताच्या बाजूला, भिंतीपासून निदान अर्धा फूट सोडून ठेवा. कूलरच्या समोरची खिडकी उघडी असू द्या, म्हणजे ओलावा बाहेर पडेल. पावसाळ्यात कूलर बिनपाण्याचा, नुसता पंखा म्हणून चालवा.

वरच्या मजल्यावरची खोली असेल तर आणखी एक गोष्ट. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. संध्याकाळी सातला बाहेर जरा बरं वाटायला लागतं तेव्हाही ती खोली भट्टीच असते. एप्रिल ते जून हे तीन महिने टेबल खालच्या मजल्यावर किंवा आतल्या भिंतीला हलवता आलं तर हलवा. मोठ्या फाइलची कामं, अपडेट, बॅकअप हे सगळं सकाळी आटपा. सीपीयूचा डबा (कॅबिनेट) टेबलाखालच्या बंद कप्प्यात सरकवून ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. त्या कप्प्याचं मागचं फळकूट काढून टाका. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, त्याची श्वास घ्यायची भोकं खालच्या बाजूला असतात.

साफसफाई प्रत्यक्ष कशी करायची

मशीन बंद करा, प्लग काढा आणि पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. मग ते गॅलरीत किंवा गच्चीत सावलीला न्या. उन्हाळ्यातल्या आपल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज लगेच साठते, म्हणून सिंथेटिक सतरंजीवर बसून काम करू नका. रॅमला किंवा बोर्डला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा.

नव्या, कोरड्या रंगाच्या ब्रशने धूळ मोकळी करा आणि मग ब्लोअरने उडवा. ब्लोअर फूटभर लांबून धरा. पंख्याची पाती बोटाने अडवून ठेवा. ती हवेने वेगात फिरली तर बेअरिंग जातं आणि उलटा करंट बोर्डमध्ये जाऊ शकतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते. पॉवर सप्लायचा डबा बाहेरूनच फुंकायचा. तो उघडायचा नाही, कारण प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज राहते.

हीटसिंक काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला, उष्णता वाहून नेणारा लेप) बदलणं हे डेस्कटॉपवर घरी करता येण्यासारखं काम आहे. इंटेलच्या जुन्या कूलरला (हीटसिंक आणि पंख्याच्या जोडीला) चार खुंट्या असतात. त्या बाणाच्या दिशेने फिरवून सोडवायच्या आणि परत बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आलटूनपालटून दाबायच्या. एएमडीच्या एएम-४ सॉकेट असलेल्या बोर्डवर आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून, प्लग काढून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून कूलरला चिकटून बाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा. नवी पेस्ट मधोमध, मोठ्या तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही.

लॅपटॉपचं जरा जपून. खालचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर चिकटवून ठेवा. झाकण उचकटायला बंद पडलेलं एटीएम कार्ड वापरा, लोखंडी पट्टी नको. उघडल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. बॅटरी फुगलेली दिसली, किंवा त्याआधीच टचपॅड वर आलेला जाणवत असेल, तर तो लॅपटॉप चार्ज करू नका, बॅटरी दाबू नका, टोचू नका. आपल्या उन्हाळ्यात उभ्या कारमध्ये राहिलेल्या लॅपटॉपची बॅटरी अशी फुगू शकते.

मशीन चालू होत नाही, नुसतं बीप करतं, अशी तक्रार असेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने पुसून पुन्हा घट्ट बसवा. पावसाळ्यानंतर बंद पडलेली कितीतरी मशीन एवढ्याने चालू होतात. दर वेळी तारीख मागे जात असेल आणि त्यामुळे वेबसाइट सुरक्षिततेचा इशारा देत असतील, तर बोर्डवरचा सीआर-२०३२ हा नाण्यासारखा सेल बदला. घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

वीज आणि अर्थिंग

कॅबिनेटला हात लागला की चुणचुण जाणवते, असं कोणी सांगितलं की मला मशीनची नाही, त्या घराची काळजी वाटते. पॉवर सप्लायमधली थोडीशी गळती वीज अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. अर्थिंग नसेल तर ती कॅबिनेटवर राहते. जुन्या नागपुरातल्या अनेक घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वायरमनला मीटर घेऊन बोलवा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन आकडे जवळजवळ सारखे, २३० व्होल्टच्या आसपास आले पाहिजेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर नको.

आपली जमीन काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती सुकते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पट्टीभोवती पोकळी तयार होते. जुलैमध्ये बरोबर असलेलं अर्थिंग म्हणूनच मे महिन्यात कमकुवत होतं. मार्चपासून जून संपेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी टाका. ही सवय सगळ्या घरासाठी चांगली आहे, फ्रिज आणि गिझरही त्याच अर्थिंगवर असतात.

यूपीएस म्हणजे घरच्या डेस्कटॉपसाठी ६०० व्हीए पुरतो. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते आणि उष्णतेत लवकर मरते. तापमान दहा अंशांनी कायम वाढलं तर तिचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. यूपीएस बंद कप्प्यात ठेवू नका. वर्षातून दोनदा काम सेव्ह करून मेन स्विच बंद करून बघा, मशीन पाच मिनिटं टिकतं का. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. ते चालू असेल तर वीज गेल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट होणार नाही.

एप्रिल-मेमधलं अवकाळी वादळ आलं, विजा कडाडू लागल्या, की स्विच बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून काढा. राउटरचा अडॅप्टर आणि तांब्याची नेट केबल असेल तर तीही काढा.

एसएसडी आणि रॅम

आता पैसे खर्च करायची पाळी. एकच वस्तू घ्यायची असेल तर एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क घ्या. फिरती डिस्क शंभर-दीडशे एमबी प्रतिसेकंद देते आणि साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीवर चालणारी) एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, पण खरा फरक या आकड्यांत नाही. विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइल इकडून तिकडून वाचाव्या लागतात. फिरत्या डिस्कच्या सुईला प्रत्येक वेळी तिथे जाऊन पोचावं लागतं, एसएसडीला नाही. वर, फिरता भाग नसल्याने उष्णताही कमी.

२.५ इंची साटा एसएसडी जवळजवळ प्रत्येक जुन्या मशीनला बसते. थेट बोर्डवर बसणारी एनव्हीएमई एसएसडी जास्त वेगवान असते, पण बोर्डवर तिची जागा आहे का आणि बायोस तिच्यावरून बूट करू देतो का, हे आधी बघा. घरासाठी ४८० किंवा ५१२ जीबी घ्या. २४० मध्ये दोन वर्षांत जागा संपते. बिल जीएसटीचं, त्यावर सिरियल नंबर, आणि वॉरंटी किती वर्षांची तेही लिहून घ्या. ऑनलाइन अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या मोठ्या क्षमतेच्या डिस्क घेऊ नका. त्या क्षमता खोटी दाखवतात आणि भरत आल्या की डेटा गिळतात.

जुनी विंडोज जशीच्या तशी क्लोन करता येते, पण मी तरी नव्याने टाकायला सांगेन. सात वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर नेण्यात काय अर्थ? बोर्ड तोच असेल तर डिजिटल लायसन्स इंटरनेट मिळताच आपोआप चालू होतं, नवीन की विकत घ्यायची गरज नाही. जुनी डिस्क तब्येतीने ठीक असेल तर डेस्कटॉपमध्ये दुसरी म्हणून राहू द्या. लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागी डिस्क धरणारी कॅडी बसते, फक्त ९.५ की १२.७ मिलिमीटर ते मोजून न्या.

रॅम ८ जीबी करा. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगळ्या जागी असते, एकाची दुसऱ्यात बसत नाही. डीडीआर-३ मध्येही लॅपटॉपला बहुधा कमी व्होल्टेजची, म्हणजे १.३५ व्होल्टची डीडीआर-३ एल लागते. जुनी पट्टी सोबत घेऊन गेलात तर चूक होणार नाही. मेमरीचे भाव २०२५ च्या शेवटापासून बरेच चढले आहेत, त्यामुळे जुनी वापरलेली रॅम घ्यायला हरकत नाही. रॅम सहसा झिजत नाही. घेतल्यावर रात्रभर मेमटेस्ट हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून एकही चूक येत नाही ना, ते पाहा.

विंडोज १० चं काय करायचं

विंडोज १० ला मिळणारे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मशीन चालत राहतं, पण त्यावर बँकेची कामं करणं दिवसेंदिवस जोखमीचं होत जातं. मुदतवाढीच्या योजनेत नाव नोंदवलं तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात, आणि सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्यात सिंक केल्या तर त्याला पैसे लागत नाहीत.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आय-५ नंतरचा आकडा बघा: ८२५० असेल तर आठवी पिढी, ७२०० असेल तर सातवी. पात्र प्रोसेसर असूनही मशीन नाकारलं गेलं, तर बायोसमध्ये टीपीएम बंद असण्याची शक्यता मोठी. तिथे ते इंटेल पीटीटी किंवा एएमडी एफटीपीएम या नावाने असतं. तपासणीला बगल देऊन अपात्र मशीनवर विंडोज ११ टाकून देणारे पुष्कळ आहेत. आई-बाबांच्या कॉम्प्युटरवर हे करू नका. पुढचा एखादा मोठा अपडेट अडला की त्यांना ते निस्तरता येत नाही.

सातव्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या मशीनसाठी माझी पसंती विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंटला आहे. ती मोफत आहे, तिचा चेहरामोहरा विंडोजसारखा आहे, आणि २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. ४ जीबी रॅम असेल तर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन घ्या. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस हे सॉफ्टवेअर वापरून ती उतरवा आणि बूट मेनूतून त्यावरून मशीन चालू करा. डिस्कला हात न लावता सगळं पडद्यावर वापरून पाहता येतं. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर छापतोय का, हे तिथेच बघा. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या कॅनन एलबीपी-२९०० ला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो, त्याची तयारी ठेवा. मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार, दोन्ही पद्धतींनी करता येतं.

पण टॅली, डिजिटल स्वाक्षरीचं यूएसबी टोकन, श्रीलिपीवर चालणारं डीटीपीचं काम, किंवा मुलीचा टंकलेखन परीक्षेचा सराव यातलं काही रोजचं असेल, तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. तिथे विंडोजच हवी.

दुकानात द्यायचंच असेल तर

सगळ्यांना स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायला आवडत नाही, आणि बर्डी-धंतोलीत हात चांगला असलेले कारागीर आहेतच. काम डिस्कचं नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि मगच मशीन द्या. घरातले फोटो, बँकेची कागदपत्रं दुकानात दोन दिवस पडून राहायची काही गरज नाही. डिस्कसकटच द्यावं लागलं तर स्वतःचा पासवर्ड सांगू नका, वेगळं खातं तयार करून द्या. रॅम किती, कोणत्या कंपनीची, डिस्कचा सिरियल नंबर काय, हे पावतीवर लिहून घ्या. काढलेले जुने पार्ट परत मागा. "काका, साधी सर्व्हिसिंग आहे, कशाला लिहायचं?" असं म्हटलं तरी लिहूनच घ्या, गोड बोलून.

कुठे थांबायचं हेही सांगतो. बोर्ड जळलेला आहे, रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली ४ जीबी आहे आणि साठवण ३२ जीबीची ईएमएमसी (तीही बोर्डवरच बसवलेली), किंवा बॅटरी, बिजागरी आणि स्क्रीन तिन्ही गेलेत, तर पैसे घालू नका. तशाच क्षमतेच्या वापरलेल्या लॅपटॉपच्या किमतीच्या एक-तृतीयांशापेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त होत असेल तर वापरलेलाच घ्या. ऑफिसांतून निघणारे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या ओळींचे लॅपटॉप घरगुती स्वस्त मॉडेलपेक्षा मजबूत असतात. घेताना प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे ना, बायोसला पासवर्ड नाही ना, आणि बॅटरीची फुल चार्ज कपॅसिटी डिझाइन कपॅसिटीच्या किती टक्के उरली आहे, हे दुकानातच तपासा. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

आणि जुनं मशीन शेवटी घराबाहेर काढताना भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. तो तांब्यासाठी वायर जाळतो, बोर्ड फोडतो, आणि तो धूर आपल्याच मोहल्ल्यात राहतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जायला हवा. देण्याआधी फिरती डिस्क पूर्ण ओव्हरराइट करा, नुसता क्विक फॉरमॅट पुरत नाही. एसएसडी असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरा. डिस्क बंद पडलेली असेल आणि पुसता येत नसेल, तर ती बाहेर काढून तबकडीतून ड्रिलने दोन-तीन भोकं पाडा आणि मगच द्या. हे करताना डोळ्यांवर चष्मा घाला, अनेक लॅपटॉप डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात.